बाहेरचं

ताप आलाय असं फोनवर सांगितलं की आईचा प्रश्न ठरलेला असतो. "बाहेरचं काही खाल्लंस का?" सर्दी असो की पाठ धरलेली असो, तिला फरक पडत नाही. एकदा सोसायटीच्या जिन्यावर पाय घसरून माझा घोटा सुजला होता, तेव्हाही तिनं आधी हेच विचारलं आणि मग स्वतःच हसली. तिच्या हिशेबात दुखणं बाहेरून येतं आणि त्याची यायची वाट तोंडातून आहे. घरच्या अन्नानं कुणाला कधी काही होत नाही.

आजीचं 'बाहेरचं' याहून वेगळं होतं. आजी भोरकडची. तान्हं पोर किरकिरायला लागलं, दूध टाकायला लागलं की ती आवाज खाली आणून म्हणायची, "बाहेरचं काही नाही ना?" मग मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या उतरवून चुलीत. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर. आम्ही नातवंडं मुद्दाम खोटं खोटं खोकायचो, म्हणजे प्रकरण लवकर मिटायचं.

आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसरं 'बाहेरचं' नांदतं. डास बाहेरच्या नाल्यातून येतात, कचरा बाहेरचे लोक टाकतात, खोकला बाहेरच्या बांधकामाच्या धुळीनं होतो. सिंहगड रस्त्याला राहून शेवटच्या मुद्द्याशी भांडता येत नाही, हे मान्य.

गेल्या ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला आणि हा शब्द जरा उलटा करून झटकून बघायची वेळ आली.

सोमवार होता. मी एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते आणि महिन्याच्या वीस तारखेच्या आतले दिवस आम्हाला मान वर करू देत नाहीत. दुपारी अंगात थंडी भरली. एसीमुळे असेल म्हणून ओढणी गुंडाळून बसले. चारच्या सुमारास डोळ्यांच्या खोबणीत मागून कुणीतरी अंगठे दाबतंय असं वाटायला लागलं. संध्याकाळी रिक्षात चढताना गुडघे माझे नव्हतेच. रात्री थर्मामीटर १०३.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, एनएस-वन पॉझिटिव्ह आलं. कोपऱ्यावरचे आमचे डॉक्टर गेली वीस वर्षं "व्हायरल आहे" एवढ्यावर आमच्या घराची बोळवण करत आलेत, ते या वेळी खुर्चीत सरळ बसले. पॅरासिटामॉल सोडून दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, म्हणाले. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नाही, त्यानं रक्तस्रावाची भीती वाढते. पाणी, सरबत, पेज, जे जाईल ते घोट घोट चालू ठेवायचं. रोज सकाळी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी.

पुण्यात श्रावण-भाद्रपदात प्लेटलेट हा बाजारभाव असतो. "किती झाल्या?" "ब्याण्णव." "आमच्या भाच्याच्या अठरावर गेल्या होत्या." 'हजार' कुणी उच्चारत नाही, जमिनीच्या गप्पांत 'लाख' उच्चारत नाहीत तसं. माझ्या ९२ वरून ६१ झाल्या, मग ४४. चुलतदीर पपईच्या पानांचा रस घेऊन आले. जगातला सगळा कडूपणा त्या एका वाटीत पिळला होता. आतेबहिणीनं किवी धाडली. एका किवीच्या पैशात पेरू किती आले असते आणि पेरूत क जीवनसत्त्व किवीपेक्षा जास्तच असतं, पण आजारी माणसाकडे पेरू घेऊन जाणं बरं दिसत नाही.

डॉक्टर मात्र त्याच कागदावरचा दुसरा आकडा बघत होते. हिमॅटोक्रिट. शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती भाग, याचं ते माप. माझं ३८ वरून ४३ वर चढलं होतं. मी म्हटलं, वाढलं म्हणजे चांगलंच ना, रक्त वाढलं. ते म्हणाले, "आमटी गॅसवर राहून घट्ट झाली, तर डाळ वाढली म्हणता का तुम्ही?"

वीस वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात उपयोगी वाक्य. डेंग्यूत केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. एरवी त्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना धरून असतात. ती पकड सुटते आणि रक्तातला पातळ भाग, प्रथिनांसकट, पोटाच्या नि छातीच्या पोकळीत झिरपायला लागतो. पेशी आत राहतात, पाणी निघून जातं, रक्त दाट होतं, रक्तदाब खाली येतो. गंमत म्हणजे हे ताप चढलेला असताना होत नाही. ताप उतरायला लागला की पुढचे २४ ते ४८ तास ही गळती लागते. चौथ्या दिवशी माझं अंग गार लागलं, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि डॉक्टर म्हणाले, "आता दोन दिवस अ‍ॅडमिट व्हा."

मग सलाइन, आणि दर तीन तासांनी नर्सचे तेच प्रश्न: पोटात दुखतंय का, उलट्या थांबत नाहीयेत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवीला शेवटचं कधी जाऊन आलात. प्लेटलेट मला कुणी चढवल्या नाहीत. रक्त कुठूनच येत नसताना ४४ हजारांवर चढवतही नाहीत. त्या आपल्या आपण वर निघाल्या. मागे राहिली ती तळहातांची खाज आणि भिंत धरून चालायचा अशक्तपणा. तो चांगला तीन आठवडे होता.

घरी येऊन दोन दिवस झाले आणि बेल वाजली. महापालिकेच्या ताई. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च, काखेत रजिस्टर, पिशवीत लांब दांड्याची पळी. पेशंट सापडला की त्याचं घर आणि आजूबाजूची घरं तपासायची असतात. मी त्यांना ओळखलं, त्यांनीही मला ओळखलं. जुलैत त्या येऊन गेल्या होत्या. तेव्हा मी सेफ्टी डोअर न उघडता जाळीतूनच सांगितलं होतं, "आमच्याकडे काही नाही हो, अगदी स्वच्छ असतं. ते बाहेरच्या नाल्याचं बघा जरा." त्यांनी काही न बोलता रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं होतं. काय लिहिलं असेल ते मला आता कळतं.

या वेळी आत घेतलं. त्यांनी चपला काढल्या आणि सरळ गॅलरीत गेल्या. कुंड्यांखालच्या ताटल्या बघितल्या, कुलर उघडून बघितला. मनी प्लँटची बाटली उजेडात धरली, ठीक होती. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "फ्रीजमागचा ट्रे कधी काढलाय?"

असा ट्रे असतो हेच मला माहीत नव्हतं. फ्रीज घेऊन अकरा वर्षं झाली होती. नवऱ्यानं तो पुढे ओढला. मागे एक रबरी चेंडू निघाला, केसांचा चाप निघाला, आणि कामवाल्या मावशींनी नेलं असं मी चार वर्षं मनात धरून बसले होते ते उलथनं निघालं. खाली, कॉम्प्रेसरवर, काळा प्लास्टिकचा ट्रे. फ्रीजमध्ये साचलेलं दव वितळून त्यात उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेनं हळूहळू उडून जातं, अशी त्याची रचना. पावसाळ्यात हवाच ओली, मग ते उडत नाही, साचतं. कोमट, निवांत, कुणी ढवळायला येत नाही असं पाणी.

ताईंनी टॉर्च मारला. "या बघा. तुमचीच पिल्लं."

आधी मला काही दिसलं नाही. मग पाणी शहारल्यासारखं झालं. तांदळाच्या कण्यांहून बारीक अळ्या, डोकं खाली आणि शेपटी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून उलट्या लटकलेल्या. श्वास शेपटीकडच्या नळीनं घेतात. टॉर्चच्या प्रकाशात हाताची सावली पडली की सगळ्या एकदम वळवळत तळाशी जायच्या, जरा वेळानं एकेक करून वर यायच्या. मधूनच काही वेगळ्या, जाडसर, वाकलेल्या, अगदी स्वल्पविरामासारख्या. ते कोष. "हे आज-उद्या उडाले असते," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ना राग, ना उपदेश. टेलर माप सांगतो तसं त्या सांगत होत्या.

एडीस इजिप्ती. काळ्या अंगावर पांढरे पट्टे. आपण डास म्हटलं की गटार, तुंबलेला नाला, रात्रीची भुणभुण डोळ्यांपुढे आणतो. ती मंडळी वेगळी. ही बाई (चावते ती मादीच, अंड्यांना रक्तातली प्रथिनं लागतात म्हणून) गटारात अंडी घालत नाही. तिला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं, चमचाभरही पुरतं. चावते दिवसाउजेडी, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी, घोट्यापाशी, टेबलाखाली. उडून फार लांब जात नाही, जन्मली त्या घराच्या आसपासच राहते. मूळची ही जात आफ्रिकेतल्या जंगलात झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढणारी. माणसानं पाणी साठवायला सुरुवात केली, तिनं ढोली सोडून रांजण धरला, मग जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर आली. म्हणजे आली बाहेरूनच, पण आता तिच्याइतकं घरकोंबडं दुसरं कुणी नाही.

आणि अंडी. ती पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवलेली असतात. भांडं कोरडं पडलं तरी कित्येक महिने तशीच तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्याच्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात त्यामागे एवढंच गणित आहे. मला वाटायचं, ते भिंतीवर लिहायचं घोषवाक्य आहे.

लेक बारावी सायन्सला. तिनं त्यातल्या दोन अळ्या आणि एक कोष काचेच्या बाटलीत घेऊन तोंडाला माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत एक डास बसला होता, मागच्या पायांवर पांढरी कडी. फ्रीजमागे जन्मलेल्याला फ्रीजरमध्ये धाडलं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. मी ट्रेचं सांगितलं. आई म्हणाली, "ते असेल गं, पण तू त्या आठवड्यात मिसळ खाल्ली होतीस ना बाहेर?" लेकीनं फोन स्पीकरवर ऐकला आणि म्हणाली, "अगं आज्जी, आपण खातो ते सगळंच बाहेरचं असतं. आईनं खाल्लेली मिसळ आईच्या आत गेलीच नव्हती."

आईनं विषय बदलला. मी बदलू शकले नाही.

लेकीनं मेदूवडा घेऊन समजावलं. (पुण्यात वडा म्हणजे बटाटावडा. त्याला भोक नाही, म्हणून हे उदाहरण उडप्याकडूनच आणावं लागतं.) वड्याच्या भोकात चटणी भरली तर ती वड्याच्या आत असते का? भोक हे वड्याचं बाहेरच. आपणही एक लांबुडका मेदूवडा. तोंडापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सलग नळी, दोन्ही तोंडं उघडी. जठरात पडलेला घास अजून बाहेरच्या जगात आहे, फक्त आपल्याभोवती नसून आपल्या मधोमध असलेल्या. तो 'आत' येतो आतड्याच्या अस्तरातून पार झाला की, आणि ते अस्तर एका पेशीच्या जाडीचं. एकच पेशी. दर तीन ते पाच दिवसांनी जुनी गळून नवी येणारी.

मी हिशेबाची बाई, मला मापं लागतात. आपली कातडी साधारण २ चौरस मीटर, म्हणजे घराच्या एका दाराएवढी. आतड्याचं अस्तर, सगळ्या घड्या आणि रसांकुर उलगडून, ३० चौरस मीटरच्या आसपास. सव्वातीनशे चौरस फूट, आपल्या भाषेत वन आरके. फुप्फुसांतले वायुकोश पसरले तर ७० चौरस मीटरपर्यंत जातात, आमच्याकडे त्याला सुटसुटीत टू बीएचके म्हणून विकतील. आणि तिथली भिंत आतड्याहून पातळ, हवा आणि रक्त यांच्यात एका मायक्रॉनचंही अंतर नाही. केस त्याच्या पन्नास-शंभरपट जाड. आपण दिवसभर हात धुतो, तोंड धुतो, त्या दाराएवढ्या कातडीला साबण लावतो. ती तर मुळात मेलेल्या पेशींच्या थरांनी गिलावा केलेली. खरा बाहेरचा शेजार या वन आरके आणि टू बीएचकेला लागून आहे. दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आपण त्या टू बीएचकेतून फिरवून आणतो. डक्टमधल्या कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची भुकटी त्यात. रस्त्याकडेच्या गाजरगवताचे परागकणही त्यात. हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेला आलं ते १९५० च्या दशकात आमच्या पुण्यातच, हा मान कुणी मिरवत नाही.

आणि या बाहेरच्या जागेत भाडेकरू किती? आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी धरल्या, तर आपल्यावर नि आपल्यात राहणारे जिवाणू साधारण तेवढेच, थोडे जास्तच. बहुतेक मोठ्या आतड्यात. ते पचायला मदत करतात, के जीवनसत्त्व बनवतात, आणि जागा अडवून बसल्यामुळे भलत्यांना शिरकाव मिळत नाही. आमच्या सोसायटीत बॅचलर भाडेकरू चालत नाहीत असा ठराव आहे. आतड्यानं असा ठराव केला असता तर आम्ही कमिटीचे सभासद जिवंत राहिलो नसतो.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण आमच्या भागाला त्याच वर्षी जानेवारीत, २०२५ मध्ये, या एका पेशीच्या भिंतीचा धडा मिळाला होता. जीबीएस, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोम. नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी, सगळा सिंहगड रस्ता रोज पेपरात. रुग्ण दोनशेच्या घरात गेले. आमच्या बी विंगमधल्या काकांना आधी चार दिवस जुलाब झाले, मग बरे वाटले. दीड आठवड्यानं एका सकाळी म्हणाले, पायाला मुंग्या आल्यात. दुपारी जिना चढेनात. दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरता येईना. दुखणं तळपायातून वर चढत आलं, पाणी चढावं तसं. श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचलं तेव्हा व्हेंटिलेटर लावला.

रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेल्या जंतूंपैकी एक कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय. दूषित पाणी, कच्ची राहिलेली कोंबडी, ही त्याची नेहमीची वाट. उकळलं, नीट शिजवलं की मरतो. पण काकांचे पाय त्या जंतूनं धरले नव्हते. त्याच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या आपल्या मज्जातंतूंच्या आवरणावरच्या रेणूंसारख्याच दिसतात. शरीरानं जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, जंतू संपला, आणि मग तीच प्रतिपिंडं घरच्याच तारा तोडायला लागली. चोर पळून गेल्यावर वॉचमननं त्याच्यासारखा शर्ट घातलेल्या मालकाला झोडावं, तसा प्रकार. दोन सैनिकांतला हा आजार १९१६ साली गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी नोंदवला. स्ट्रोल बिचारा नावातून गळाला.

उपचार काय, तर इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं. ती येतात हजारो रक्तद्रव दात्यांच्या एकत्र केलेल्या प्रतिपिंडांतून. काकांच्या स्वतःच्या प्रतिपिंडांना आवरायला हजारो अनोळखी माणसांची आणावी लागली. काका आता काठी घेऊन सोसायटीला दोन फेऱ्या मारतात. ग्रुपवर 'बाहेरचे लोक' अशी पोस्ट आली की त्याला अंगठा देणं त्यांनी बंद केलंय. कारण विचारायला मला धीर झालेला नाही, कदाचित त्यांचं बोट अजून नीट चालत नसेल.

सेफ्टी डोअरच्या जाळीतून ताईंना परत पाठवलं त्याचं मला वाईट वाटतं, पण एक गोष्ट मनात येतेच. घरात शिरून तपासणी, ही पुण्याची जुनी दुखरी जागा आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सापडला आणि वर्ष बदलता बदलता पुण्यात आला. रँडच्या हुकमावरून गोरे सोजीर बूट घालून स्वयंपाकघरात, देवघरात शिरले, आजारी माणसं शोधून छावणीत नेली, सामान रस्त्यावर काढून जाळलं. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली, हे शाळेत पाठ केलेलं असतं. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, तेही प्लेगनं. त्या आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रुग्णांची सेवा करत होते, त्यातच त्यांना लागण झाली. एकाच साथीतले हे दोन मृत्यू. रँडचा प्रश्न मला तीन मार्कांना आला होता, सावित्रीबाईंचा कधी आला नाही.

पण त्या झडत्यांत काय शोधत होते? माणसं. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच सापडला होता, तरी तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं ते कुणाला पटत नव्हतं. बूटवाले सोजीर माणसं उचलत राहिले, उंदीर आढ्यावर राहिले. आमची आजी तिच्या सासूबाईंचं सांगायची, घरात उंदीर मरून पडायला लागला की वाट बघायची नाही, तांदूळ, गोधड्या घेऊन माळावर जाऊन झोपडी घालायची. अख्खं गाव बाहेर पडायचं. पिसू हा शब्दही त्या हिशेबात नव्हता, पण हिशेब बरोबर होता. आजीच्या तोंडी 'बाहेर' म्हणजे जिवंत राहण्याची जागा, असं मी फक्त त्या गोष्टीतच ऐकलंय.

नवऱ्याला या सगळ्याचा एकच फायदा झाला: माझ्याबरोबर त्याचंही रक्त तपासून झालं. तो काडीपैलवान. कॉलेजातली पँट अजून होते हे पाहुण्यांना सांगतो. तीन महिन्यांची सरासरी साखर निघाली ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. "पण मी तर बारीक आहे," हे तो डॉक्टरांना तीनदा म्हणाला. खरं तर हे कोडं पुण्यातच सुटत आलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, आमच्या पुणेकराची २१.२. बाहेरून सडपातळ, आतून लठ्ठ. पुण्याजवळच्या सहा गावांत जन्मलेल्या बाळांतही हेच सापडलं: वजन कमी, जेमतेम २.७ किलो, स्नायू कमी, पण चरबी बरीचशी राखून ठेवलेली. नवऱ्यानं हे शांतपणे ऐकलं आणि शर्ट आत खोचायचं बंद केलं. आता रोज पहाटे तळजाईला जातो. येताना काय खाऊन येतो ते मी विचारत नाही.

रविवारी मी ट्रे काढते. ब्रशनं घासते, उन्हात उपडा ठेवते. लेकीनं फ्रीजला कोरडा दिवस म्हणून चिठ्ठी लावली होती, ती दिवाळीच्या साफसफाईत गेली, पण सवय राहिली. चारपैकी एखादा रविवार चुकतो.

परवा पुन्हा बेल वाजली. त्याच ताई, तोच टॉर्च. मी सेफ्टी डोअर उघडून बाजूला झाले. त्या चपला काढून थेट फ्रीजकडे गेल्या, वाकून बघितलं, मान हलवली. मग देवघरासमोर थांबल्या. तिथे सासूबाईंच्या गंगाजलाच्या तांब्याखाली एक वाटी असते, मुंग्या येऊ नयेत म्हणून पाणी भरलेली. ताईंनी तिच्यावर उजेड टाकला आणि आम्ही दोघी खाली वाकलो. एकच होती. उलटी लटकलेली. सासूबाई आतून विचारत होत्या, कोण आलंय.

रजिस्टरमध्ये लिहून झाल्यावर मी त्यांना पाणी विचारलं. सकाळपासून चौथा मजला, पाचवा मजला करून घामाघूम झाल्या होत्या.

"नको मॅडम," पिशवीतली बाटली काढत त्या म्हणाल्या. "रोज इतकी घरं फिरते ना. बाहेरचं पाणी नाही पीत मी."